आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत

(दृश्य: प्रसूती विभाग. आई बाळाचं दुपटं बदलते आहे.)

बाळाला शी झाली का? जन्मानंतर पहिले दोन दिवस आईला हे पुन्हापुन्हा विचारतात. ती पहिली शी हिरवट काळी, चिकट असते. ४८ तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर डॉक्टरांना हिर्शस्प्रुंगच्या आजाराची शंका येते. साधारण ५,००० बाळांमागे एकाला तो होतो.

१८८६ साली कोपनहेगनच्या डॉ. हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनमध्ये अशा दोन बाळांची हकीकत मांडली. त्यांचं लक्ष गेलं ते फुगलेल्या मोठ्या आतड्याकडे. खरी अडचण मात्र त्याच्याखालच्या, अरुंद दिसणाऱ्या भागात होती. तिथे आतड्याची हालचाल चालवणाऱ्या चेतापेशीच नसतात, म्हणून तो भाग आवळलेलाच राहतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा कोंबडीचा भ्रूण.)

आतड्यातल्या या चेतापेशी मुळात आतड्यात जन्मतच नाहीत. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये निकोल ल द्वारँ आणि मारी-एमे तेये यांनी लावा पक्ष्याच्या भ्रूणातल्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवल्या. लाव्याच्या पेशीचं केंद्रक रंगवलं की त्यात एक ठळक ठिपका दिसतो, त्यामुळे ती कुठेही गेली तरी ओळखू येते. मानेजवळच्या 'न्यूरल क्रेस्ट'मधल्या, म्हणजे भ्रूणाच्या पाठीकडे मज्जारज्जू घडतो त्याच्या कडेच्या पट्ट्यातल्या, पेशी पार आतड्याच्या भिंतीत पोचलेल्या सापडल्या. किती साधी, किती सुंदर युक्ती!

माणसाच्या गर्भात हा प्रवास चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि सातव्याच्या सुमारास गुदद्वाराशी संपतो. आतड्याची भिंत 'जीडीएनएफ' नावाचं प्रथिन सोडते. ते ओळखणारा 'रेट' हा ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारं प्रथिन, या पेशींच्या अंगावर असतो. त्याच संकेतावर पेशी जगतात, वाढतात, पुढे सरकतात. 'एंडोथेलिन-३' हे दुसरं प्रथिन त्यांना वाटेतच पक्व होऊ देत नाही. पेशी पुरेशा वाढल्या नाहीत तर त्यांची लाट मध्येच थांबते आणि उणीव राहते ती टोकाला. आजार तिथेच का दिसतो, ते यावरून कळतं.

१९९४ मध्ये रुग्णांच्या रेट जनुकात बिघाड सापडले. तरी एकट्या या जनुकावर बोट ठेवून चालत नाही. तोच बिघाड असलेले वडील ठणठणीत आणि मुलगा आजारी, अशीही कुटुंबं आहेत. मुलग्यांमध्ये हा आजार मुलींच्या सुमारे चौपट आढळतो. बाकीची जनुकं या बिघाडाला कुठे साथ देतात, कुठे देत नाहीत. म्हणून आईच्या खाण्यापिण्याला दोष देऊ नये.

(दृश्य: शस्त्रक्रियागृह.)

शस्त्रक्रिया सुरू असतानाच आतड्याचे छोटे तुकडे तपासणीला जातात. चेतापेशी नीट दिसेपर्यंत शल्यचिकित्सक वर सरकत राहतात. मग चेतापेशी नसलेला भाग काढून टाकतात आणि निरोगी आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडतात.