केयी निघाली आखाताला

(दृश्य: पहाट. केळीची बाग. पानांवरून दव ओघळतंय. मागं सातपुड्याची निळी रांग.)

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, मळ्याचा मया होतो. या मयात आत्ता उजाडतंय आणि कापणीवाले आत शिरलेत.

(दृश्य: घडावरची पिशवी वर सरकवणारे हात.)

हा घड नीट बघा. अंगात पिशवी घालून तो वाढलाय. तिला इथं स्कर्टिंग बॅग म्हणतात. झाड निसवलं, घड बाहेर पडला, की खालचं केळफूल खुडतात. शेंड्याकडच्या बारीक फण्याही काढून टाकतात, म्हणजे वरच्या फण्या भरतात. मग ही पिशवी चढते. पान वाऱ्यानं हललं तरी सालीवर ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठलेली फणी परदेशी जात नाही. बागेच्या कडेनं शेवरी आणि गजराज गवत लावलंय, तेही वारा अडवायलाच. मे महिन्यात इथं ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं आणि वळवाचं वादळ आलं की उभ्या बागा आडव्या होतात. जपायचं ते एवढ्यासाठी.

(दृश्य: विळ्याचा एक घाव. घड खांद्यावरच्या गादीवर उतरतो.)

एकानं कापायचा, दुसऱ्यानं झेलायचा. घड जमिनीला टेकवायचा नाही. हे कुठल्या सरकारी परिपत्रकात आलेलं नाही. ते ठरवलं माल घेणाऱ्यानं, अंगी बाणवलं शेतकऱ्यानं आणि रोज पाळतात हे कापणीवाले.

(दृश्य: ट्रॉलीत फोमवर उभे रचलेले घड. ट्रॉली पॅकहाउसकडे.)

परराष्ट्र व्यवहार म्हटलं की डोळ्यांपुढं येतात लांबलचक टेबल, दोन झेंडे आणि सह्या. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीनं अशा सह्या १८ फेब्रुवारी २०२२ ला केल्या. आर्थिक भागीदारीचा तो करार १ मे २०२२ पासून लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला रवाना झाली होती. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे तिच्या मुलखाच्या नावाची अधिकृत ओळख, मिळालं होतं, निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे. त्या मानांकनाचा माल म्हणून ही केळी गेली. 'अपेडा' ही निर्यातीची सरकारी संस्था पाठीशी होती, हे मान्यच. पण झाड लावलं कुणी, घड जपला कुणी?

(दृश्य: पॅकहाउसचा ओटा. बायका फण्या उतरवताहेत. जवळून: पात्याखालून ठिबकणारा चीक.)

इथं जरा थांबू.

दोरीला टांगलेल्या घडाच्या दांड्याशी वाकडं पातं लावायचं आणि एका ओढीत फणी अलग करायची. पांढरा चीक लगेच गळू लागतो. तो सालीवर सुकला की काळा डाग पडतो, म्हणून फणी थेट पाण्याच्या टाकीत. पाण्यात तुरटी, तिनं चीक सुटतो. टाकीच्या या कडेनं फण्या सोडतात, तरंगत तरंगत त्या पलीकडे पोचतात. तिथं दुसरी बाई त्या उचलते, आडवी-उभी फिरवून बघते, वाकडं बोट काढून टाकते. मग वजन. तेरा किलोचा एक बॉक्स. तळाशी प्लास्टिकची पिशवी, दोन थरांमध्ये फोमचा पातळ कागद. फण्यांची पाठ वर, देठ आत. शेवटी पिशवीतली हवा ओढून घेतात आणि झाकण बसतं.

(दृश्य: चिकानं काळी झालेली बोटं. निवेदन नाही. सात सेकंद.)

या ओट्यावरच्या काही जणी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येतात. दुबईच्या दुकानातलं गिऱ्हाईक फणी हातात घेतं, तेव्हा भारताच्या मालाबद्दल त्याचं जे मत बनतं, ते इथं, या टाकीच्या कडेला ठरलेलं असतं. आखाताची बाजारपेठ वर्षानुवर्षं फिलिपिन्स आणि इक्वेडोरच्या केळीची. जगात सगळ्यात जास्त केळी पिकवतो भारत, पण त्यातली बाहेर जायची अगदी थोडी. त्या रांगेत घुसायचं तर डाग नसलेली फणी हेच आपलं ओळखपत्र.

(बाईट: केळी उत्पादक शेतकरी, पॅकहाउसच्या दारात.)

(दृश्य: जुनी छायाचित्रं. जळगाव. नंतर टिश्यूकल्चरच्या बाटल्यांत उभी इवली रोपं.)

हे सगळं एका रात्रीत झालेलं नाही. बसराई, श्रीमंती या इथल्या जुन्या जाती. माल रेल्वेनं जायचा. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरून दिल्लीला. त्या भरायला फ्रूटसेल सोसायट्या होत्या, गावोगावच्या शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या. एकेकट्याला रेल्वेशी आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याशी बोलता येत नव्हतं, ते मिळून बोलता आलं. खान्देशातल्या शेतकऱ्याचं वाटाघाटींचं शिक्षण या सोसायट्यांच्या पायरीवर झालं, असं मला वाटतं.

आणि मग वाकोदचे भवरलाल जैन. १९६३ मध्ये हातगाडीवरून रॉकेल विकून धंद्याला सुरुवात. १९७८ मध्ये त्यांनी केळीची पावडर करणारा एक आजारी कारखाना विकत घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य बनवायला सुरुवात केली. ते पपेन परदेशी गेलं. पुढं ठिबक आलं, टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, ग्रँड नैन ही जात आली. २००७ मध्ये त्यांच्या जळगावच्या जैन इरिगेशन कंपनीनं इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेतला. ज्या देशाकडून जगानं ठिबक शिकलं, त्याच देशातल्या कंपनीत जळगावचा माणूस भागीदार झाला. दोन देशांमध्ये असं नातं तयार व्हायला दूतावासच लागतो असं नाही.

(दृश्य: बाटलीतलं रोप चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये. मग शेतात ठिबकची नळी, थेंब.)

टिश्यूचं रोप म्हणजे एकाच वयाची, एकाच चालीची बाग. सगळे घड जवळपास एकाच वेळी तयार. कंटेनर भरायचा तर हे हवंच. मुनवे, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं, लावून केलेल्या बागेत एक घड आज, दुसरा महिन्यानं. जहाज तेवढी वाट बघत नाही.

(दृश्य: शेतकऱ्याची वही. जवळून: रेघा मारलेलं पान, तारीख, औषधाचं नाव, मात्रा.)

ही वही बघा. कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती, फवारलं कुणी. करपा रोगाच्या फवारणीनंतर किती दिवसांनी कापणी. युरोपातल्या किरकोळ विक्रीच्या साखळ्यांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन एक नियमावली सुरू केली. आज तिला ग्लोबलगॅप म्हणतात. ती कोणत्याही संसदेनं मंजूर केलेली नाही. खरेदीदारांनी केली, खासगी तपासणी संस्था ती तपासतात आणि खान्देशातला माणूस संध्याकाळी खाटेवर बसून तिच्यासाठी वही भरतो. निर्यातीचं औषध-पाणी काटेकोर झालं ते असल्या वह्यांमुळे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं सतरावं भागीदारीचं आहे. इथल्या बागेत त्या भागीदारीचं रूप म्हणजे ही वही.

फक्त भागीदारी सारखी असावी. शेजारच्या मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरचा केळीचा लिलाव झाला की इथले भाव हलतात. रमजानच्या आधी आखातातून मागणी चढते, तेव्हा निर्यातीच्या बॉक्सला चार पैसे बरे मिळतात. पण जाहीर भाव एक आणि बांधावर हातात पडणारा भाव दुसरा, ही तक्रार आम्ही गेलो त्या प्रत्येक मयात ऐकली.

(दृश्य: विहिरीचा तळ. बोअरची मोटार.)

पाणीही खोल गेलंय. रावेर, यावल हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं तापी खोऱ्याच्या महापुनर्भरणाचा, म्हणजे जमिनीत पाणी मुरवायचा, करार केला, त्यात हा पट्टाही येतो.

(दृश्य: पुन्हा पॅकहाउस. दुपार. बॉक्सवर स्टिकर चिकटवणारा मुलगा.)

बॉक्स तयार आहेत. यावर निर्यातदाराचा शिक्का आहे, देशाचं नाव आहे, वजन आहे. गावाचं नाव नाही. मानांकन मिळूनही ज्या मातीला ते मिळालं तिचं नाव आम्हाला या बॉक्सवर दिसलं नाही. दार्जिलिंगचा चहा दार्जिलिंगच्या नावानं विकला जातो. मग या स्टिकरवर 'जळगाव' छापायला बोटभर जागा पुरे. ती मिळालीच पाहिजे. ती मागायची ताकद उत्पादकांच्या गटातच आहे, सोसायट्यांच्या काळापासून.

(दृश्य: कंटेनरचं दार उघडं. आतून धुक्यासारखी गार हवा. माणसांची रांग, हातोहात बॉक्स.)

आत तेरा अंशांच्या आसपास गारवा. यापेक्षा थंड झालं तर साल काळवंडते, ऊब लागली तर वाटेतच पिकते. केळी इथून हिरवीच निघते, पिकते ती तिकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या खोलीत. भुसावळ, जळगाव, धुळे, नाशिक, मग न्हावा शेवा आणि पुढं समुद्र.

(दृश्य: दार बंद. सील. ड्रायव्हर तापमानाचा आकडा बघून केबिनमध्ये चढतो.)

ओट्यावर टाकीतलं पाणी बदलताहेत. तुरटीचा नवा खडा पाण्यात पडला. बांधावरून दुसरी ट्रॉली येतेय.

(दृश्य: ट्रॉलीतले घड, हळू. निवेदन संपतं, ओट्यावरचे आवाज चालू.)