रंगाचा शेजार

मागच्या रांगेपर्यंत दिसतंय ना? माझ्या डाव्या हातात काळा पुठ्ठा आहे, उजव्या हातात पांढरा. दोन्हींच्या मधोमध करड्या कागदाचा एकेक चौकोन चिकटवलाय. कुठला करडा जास्त उजळ वाटतो?

काळ्यावरचा. बरोबर, सगळे तेच सांगतात. आता त्याच करड्या कागदाची ही लांब पट्टी मी दोन्ही चौकोनांना जोडून आडवी धरतो. गेला ना फरक? तिन्ही तुकडे एकाच कागदातून कापलेत. पट्टी काढली की बघा, फरक परत हजर. मी स्वतः कात्रीनं कापलेत हे तुकडे, कित्येकदा हा खेळ दाखवलाय, तरी माझे डोळे दर वेळी फसतात. माहीत असून फसतात. म्हणून आजचं व्याख्यान ‘लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे विश्वास’ या तक्त्यापासून सुरू करायचं नाही असं मी ठरवलं. त्या तक्त्याकडे नंतर येऊ, जरा भांडायलाच येऊ.

हा शेजाराचा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला तो एका रसायनशास्त्रज्ञानं. मिशेल युजीन शेव्हरल. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा भिंतीवर टांगायची चित्रं विणणारा मोठा कारखाना होता, तिथल्या रंगकामाचा प्रमुख म्हणून १८२४ साली त्याची नेमणूक झाली. विणकरांची तक्रार होती की काळं सूत फिकं पडतंय, रंगात दम नाही. शेव्हरलनं दुसरीकडचं काळं सूत मागवलं, आपल्याशी ताडून बघितलं. आपल्या सुतात काही खोट नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की ही तक्रार मुख्यतः निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणलेल्या काळ्याबद्दल आहे. दोष सुताचा नव्हता, शेजाऱ्याचा होता! पुढची कित्येक वर्षं तो रंगांच्या जोड्या लावून बघत बसला आणि १८३९ मध्ये त्यानं त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. जाता जाता सांगतो, हा गृहस्थ १०२ वर्षं जगला.

त्याच्या नियमाचं सार असं. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून लांब ढकलतो. गडद रंग शेजाऱ्याला उजळ करतो. लाल रंग शेजारच्या करड्यावर हिरवट झाक आणतो. निळा त्याच करड्याला पिवळट करतो. कारण आपला डोळा प्रकाश मोजणारं यंत्र नाही, तो फरक ताडून बघणारा अवयव आहे. किती उजेड आला यापेक्षा बाजूच्यापेक्षा किती जास्त आला, याची बातमी तो मेंदूला देतो.

याचंच एक भावंडही आहे. लाल भडक कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तिथं निळसर हिरवा डाग तरंगताना दिसेल. लालला दाद देणाऱ्या पेशी दमलेल्या असतात, म्हणून भिंतीच्या पांढऱ्यातून लाल वजा होऊन उरलेलं दिसतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत पांढरे कपडे जाऊन हिरवे-निळे आले, त्यामागे हे एक कारण सांगतात. तासन्‌तास रक्ताकडे बघून मान वर केली की पांढऱ्या कपड्यावर ते डाग नाचतात, हिरव्यावर ते जिरून जातात.

आता रंगचक्र. शाळेत सगळ्यांनी काढलंय, सगळ्यांचं थोडं फाटलंय. हे चक्र निसर्गात कुठंही नाही बरं का. इंद्रधनुष्यात रंग एका ओळीत येतात, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला जांभळा. न्यूटननं १७०४ सालच्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात ती ओळ वाकवली आणि दोन टोकं जुळवून वर्तुळ केलं. सात रंगही त्यानंच ठरवले, संगीतातल्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून. पट्ट्यात खरं तर सात कप्पे नाहीत, रंग एकातून दुसऱ्यात सरकत जातो. गंमत अशी की टोकं जुळवली तिथं जो रंग तयार होतो, गडद गुलाबीकडे झुकणारा मॅजेंटा, तो इंद्रधनुष्यात नाहीच. त्याला स्वतःची तरंगलांबी नाही. लाल आणि निळा प्रकाश एकदम आला आणि मधला हिरवा आला नाही, की आपला मेंदू तो रंग बनवतो. तुमच्या प्रिंटरमध्ये मात्र त्याची शाई भरलेली असते.

मूळ रंग तीन, हे बरोबर. कुठले तीन, यावर हमखास वाद होतो. चित्रकार म्हणतात लाल, पिवळा, निळा. मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा म्हणतो लाल, हिरवा, निळा, कारण तिथं प्रकाशात प्रकाश मिसळतो आणि बेरीज पांढऱ्याकडे जाते. छापखाना म्हणतो सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा, पिवळा, कारण शाई प्रकाश खाते आणि बेरीज काळ्याकडे जाते. खरं तर नीट काळ्याकडे जात नाही, मळकट तपकिरीकडे जाते, म्हणून चौथी काळी शाई लागते. त्यामुळे लालच्या समोर कोण, याचं उत्तर चक्रागणिक बदलतं. चित्रकाराच्या चक्रात हिरवा, पडद्याच्या चक्रात सायन. यावर डोकं आपटू नका. आपण काम कशावर करतोय ते बघा आणि त्याचं चक्र घ्या.

मी विद्यार्थ्यांना चक्रापेक्षा जास्त वेळ ज्यात घालवायला लावतो, ती गोष्ट म्हणजे उजळपणा. अमेरिकेत आल्बर्ट मनसेल नावाचा एक चित्रकला शिक्षक होता. १९०५ मध्ये त्यानं सांगितलं की रंगाचा पत्ता द्यायचा तर तीन गोष्टी द्या: छटा कुठली, उजळपणा किती, तीव्रता किती. आपण बोलताना पहिलीच देतो. ‘निळा टाक’ म्हणतो. कुठला निळा? मध्यरात्रीचा की दुपारच्या आभाळाचा? मराठीत हौसेची नावं पुष्कळ आहेत, अबोली, मोरपंखी, राखाडी, पण कामाच्या वेळी आपण ‘थोडा डार्क कर’ यावर येतो.

उजळपणाची एक खोड आहे. सगळ्या छटा सारख्या उजळ नसतात. पडद्यावर पूर्ण ताकदीचा हिरवा लावला तर तो पांढऱ्याच्या जवळजवळ ७२ टक्के उजेड देतो, लाल सुमारे २१ टक्के आणि निळा जेमतेम ७. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, म्हणजे पिवळा ९३ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसत नाहीत. रंग दोन आहेत, उजळपणा जवळपास एकच आहे. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाच्या फरकाचं किमान ४.५ ला १ असं गुणोत्तर मागितलंय. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १. पिवळ्यावर पांढरं म्हणजे १.०७ ला १. शुद्ध निळ्यावर पांढरं ८.६. आणि शुद्ध लालवर पांढरं? चार. काठावर नापास. तुमच्यातले निम्मे जण आत्ता मनातल्या मनात आपापली लाल बटणं आठवतायत, मला चेहऱ्यांवरून कळतंय.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही, तोंडावर पडून शिकलो. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका अहवालासाठी आलेख केले, वाढ हिरव्या रेषेत, घट लाल रेषेत. दोन्ही रंग छान दबलेले, एकमेकांना शोभतील असे निवडले होते, मी स्वतःवर खूश. बैठकीत एक ज्येष्ठ गृहस्थ बराच वेळ कागद बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘अहो, यातली वाढ कुठली?’’ मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नव्हता. मी रंग ‘शोभावेत’ म्हणून दोघांचा उजळपणा सारखा ठेवला होता, म्हणजे त्यांना आधाराला दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना हा दोष असतो, स्त्रियांत अर्धा टक्का. म्हणजे बारा पुरुषांमागे एक. त्या दिवसापासून माझी सवय अशी: काम झालं की त्याचा कृष्णधवल प्रिंट काढायचा. त्यात जे वाचता येत नाही ते रंगातही नीट वाचता येत नाही, फक्त रंग ते झाकून ठेवतो. आणि रेषेचं नाव रेषेच्या टोकाशीच लिहायचं, कोपऱ्यातल्या चौकटीत नाही.

आता तो अर्थांचा तक्ता. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे जा. यात निसर्गाचं काही आहे असं वाटतं खरं. पण एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या रेल्वेवर बराच काळ लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे जा, असं होतं. अडचण उघड आहे. लाल दिव्याची काच फुटून पडली की मागची ज्योत पांढरी दिसते, आणि चालकाला वाटतं रस्ता मोकळा आहे. शिवाय इतर पांढरे दिवे वाढत चालले होते. मग पांढरा काढला, हिरव्याला बढती दिली. ‘जा’ हा अर्थ हिरव्याच्या अंगात नव्हता, तो जागा रिकामी झाली म्हणून मिळाला.

जांभळ्याला राजेशाही म्हणतात. तिथं अर्थामागे चक्क हिशेब आहे. भूमध्य समुद्रातल्या गोगलगायींपासून तो रंग काढत. १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं १२,००० गोगलगायी वापरल्या तेव्हा हाती आला १.४ ग्रॅम. इतक्या खटपटीचा रंग राजानंच घालायचा! मग १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन हे मलेरियावरचं औषध बनवायला गेला आणि भांड्यात जांभळा रंग सापडला. तो कारखान्यात बनू लागला आणि काही वर्षांत कुणीही जांभळं घालू लागलं. राजेशाहीचा वास मात्र त्या रंगाला अजून येतो, शंभर दीडशे वर्षांनंतरही. अर्थ असा चिवट असतो.

गुलाबीची गोष्ट उलटी. १९७९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या सिअॅटलमधल्या एका कोठडीच्या भिंती विशिष्ट गुलाबी रंगवल्या आणि कैदी शांत होतात असा गवगवा झाला. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून तो रंग ‘बेकर-मिलर गुलाबी’ झाला. पुढे जास्त काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. पण ‘गुलाबीनं राग शांत होतो’ हे वाक्य अजून सादरीकरणांमधून फिरतंय. तुम्हाला कुणी ‘हा रंग लावला की ग्राहक भरवसा ठेवतो’ असं सांगितलं, तर विचारा: कुठला निळा, कशाच्या शेजारी, किती जागेत? तिथं बहुतेक वेळा बोलणं थांबतं.

रंगाला अर्थ नाहीच, असं मी म्हणत नाही. गांधीलमाशी बघा. काळा-पिवळा पाहिला की आपण हात मागे घेतो. पण पिवळा एकटा भीतीदायक आहे का? नाही, फुलावर तो गोड वाटतो. रंगीत छटांमध्ये सगळ्यात उजळ पिवळा, आणि त्याला चिकटून सगळ्यात गडद काळा. ती धमकी जोडीतली आहे, पट्ट्यांतली आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी सगळं करड्यात मांडा. महत्त्वाचं काय, ते नुसत्या गडद-फिक्यानं कळू दे. मग एक रंग आणा, एकच, आणि त्याला भांडायला जागा द्या. साठ-तीस-दहा टक्के असं एक सूत्र फिरतं: मुख्य रंग साठ, जोडीचा तीस, उठावाचा दहा. वाईट नाही, कुबडी म्हणून चालेल. पण दहा टक्क्यांचा लाल नव्वद टक्के करड्यात जे करतो ते नव्वद टक्के नारिंगीत करत नाही, हे सूत्र सांगत नाही.

एक शेजारी राहिला: उजेड. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला, आठवत असेल. काहींना निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी, आणि दोन्ही बाजू समोरच्याला वेड्यात काढत होत्या. पोशाख निळा-काळाच होता. फोटोतला उजेड कसला हे मेंदूनं आपल्या मनानं ठरवलं आणि ज्यानं पोशाख सावलीत आहे असं धरलं त्यानं निळेपणा वजा करून टाकला, म्हणून त्याला तो पांढरा-सोनेरी दिसला.

आता घड्याळ बघा, बाहेर सूर्य मावळत आलाय. यान पुर्किन्ये नावाचा एक शरीरशास्त्रज्ञ पहाटे फिरायला जायचा. दिवसा भडक दिसणारी लाल फुलं अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि पानं त्यांच्याहून उजळ, हे त्यानं १८१९ च्या सुमारास टिपलं. उजेड कमी झाला की डोळा वेगळ्या पेशींवर जातो, आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. प्रश्न मी बाहेरच्या कुंड्यांपाशी उभा राहून घेतो. तांबडी फुलं आहेत तिथं. साधारण वीस मिनिटं मिळतील, नंतर दिवे लागतात, तेव्हा उठा पटकन.