मूळ संख्या २१४७४८३६४७

कोल्हापूर आकाशवाणीच्या श्रोत्यांना नमस्कार. कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक संख्या उतरवून घ्या: दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. दोनाचा एकतिसावा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ही संख्या मिळते. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीनं एकतीस वेळा १.

ही मूळ संख्या आहे हे स्विस गणिती ऑयलरनं १७७२ साली सिद्ध केलं. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढं. तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत, आणि प्रत्येकीनं भागून बघायचं म्हटलं तर हातानं फार दिवस जातील. पण दोनाचा घातांक प हा विषम मूळ असेल, तर त्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक २प च्या पटीत एक मिळवून येतो. शिवाय त्याला आठानं भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. घातांक ११ घेऊन पडताळा: २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. बावीस अधिक एक तेवीस, अठ्ठ्याऐंशी अधिक एक एकोणनव्वद. घातांक ३१ ला या दोन अटी लावल्या की जास्तीत जास्त ३७२ भागाकार पुरतात. त्यातला एकही निःशेष जात नाही.

आता उपयोग, आणि तो मला या संख्येचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. एकापासून सुरुवात करा, १६,८०७ नं गुणा, आपल्या संख्येनं भागा आणि बाकी ठेवा. तीच बाकी पुन्हा गुणा. संगणकात यादृच्छिक, म्हणजे रँडम, वाटणारे आकडे असे काढता येतात. भाजक मूळ असल्यानं बाकी कधीच शून्य होत नाही, आणि १६,८०७ हा गुणक असा निवडलेला आहे की १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्यावरच फेरा पुन्हा सुरू होतो. भाजक म्हणून दोनाचा एकतिसावा घातच घेतला असता, तर विषम संख्येतून निघालेली प्रत्येक संख्या विषमच आली असती.

राजारामपुरीत किंवा विद्यापीठात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. सुरुवात शून्यानं करू नका, पुढं सगळी शून्यंच येतील. दुसरी चूक लवकर दिसत नाही: गुणाकार ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर गुपचूप बिघडतं. ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. तो नसेल तर आधीच्या संख्येला १,२७,७७३ नं भागा. बाकीला १६,८०७ नं गुणा, भागाकाराला २,८३६ नं, आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. उत्तर ऋण आलं तर त्यात २१४७४८३६४७ मिळवा.

पडताळणी सोपी आहे. १ पासून निघालात की आधी १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३ यायला हवं. दहा हजाराव्या पायरीला १०४३६१८०६५ आलं, तर तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे.