शब्द देऊन मिळालेल्या जागा

मंडळी, नमस्कार.

कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या याच सभागृहात मी वडिलांचं बोट धरून व्याख्यानं ऐकायला यायचे. मागून तिसरी रांग ही आमची ठरलेली जागा. आज व्यासपीठावरून तिकडे बघताना घसा दाटून येतोय, तेवढं सांभाळून घ्या.

गेली वीस-बावीस वर्षं मी चित्रपटांसाठी जागा शोधते. आपल्याकडच्या युनिटला परदेशात आणि परदेशी युनिटला आपल्याकडे. काम काय, ते आधी सांगते. पटकथेत एक ओळ असते, ‘डोंगरातलं जुनं गाव. उन्हं कलली आहेत.’ त्या ओळीसाठी गाव शोधायचं. उन्हं गावाच्या कुठल्या अंगाला कलतात, ते होकायंत्र घेऊन बघायचं. डोळे मिटून दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, कारण पिठाची गिरणी, शाळेची घंटा, कारखान्याचा भोंगा फोटोत दिसत नाहीत. ट्रक कुठे वळेल, जनरेटर व्हॅन किती लांब उभी करायची, शंभर माणसांच्या जेवणाची आणि संडासाची सोय कुठे, दवाखाना किती दूर. याला आम्ही रेकी म्हणतो. दिग्दर्शक, कॅमेरामन नंतर येतात. गावात पहिलं पाऊल आमचं पडतं, आणि ‘तुमचं काही बिघडवणार नाही’ हा शब्दही आम्हीच देतो. करार पुढे होतो, कागद पुढे येतात. तोवर जागेच्या मालकाच्या हातात फक्त माझा शब्द असतो. मला आज त्या शब्दाबद्दलच बोलायचंय.

कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा याच गावात घडवला, त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ चित्रपट १९२० ला आला, प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथे सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या ‘आमचा सोपा शूटिंगला घेतला होता’ हे घरातल्या लग्नकार्यासारखं सांगायच्या. सोपा, म्हणजे घराची पुढची ओसरी, परत देताना कंपनीच्या माणसांनी सारवून दिला होता, हे त्यात हमखास यायचं. कुठलं चित्र होतं, ते मात्र कुणालाच आठवायचं नाही.

एका परदेशी युनिटला उसातून जाणारा रस्ता हवा होता. नोव्हेंबरात मी पंचगंगेकाठी एक फड दाखवला. डोक्यावर दोन हात उंच ऊस, मधून पाणंद. सगळे खूश. शूटिंग ठरलं जानेवारीच्या शेवटी. मी म्हटलं, तोवर हा ऊस उभा नसेल. त्यांना वाटलं, पैसे दिले की थांबेल. आता तुम्हीच सांगा, तोड आली की शेतकरी थांबणार कसा? कारखान्याची टोळी एकदा पुढे गेली की परत कधी येईल त्याचा नेम नाही. तुरा फुटला की ऊस पोकळ पडायला लागतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. पुढे खोडवं, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, ठेवायचं असेल तर त्याचंही गणित चुकतं. फडाचे मालक मला म्हणाले, “ताई, पैशाचं बघू. पर ऊस वाळला तर गावात काय सांगू?” मग कारखान्याच्या शेती विभागात आम्ही दोघं चार वेळा गेलो. मिळून दीड एकर मागं ठेवला, आणि वजनातल्या घटीचे पैसे शूटिंगच्या आधी त्यांच्या हातात दिले. आणखी एक गोष्ट होती. हंगामात त्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यांदा गाणी लावून जातात. साउंडवाला हैराण झाला. ट्रॅक्टरवाल्या पोरांना मी वळणावर उभी राहून विनंती करत होते, आणि प्रत्येकानं गाणं बंद केलं. एकानंही पैसे मागितले नाहीत. हे मी जिथे जाते तिथे सांगते.

मोरोक्कोत ऐत बेनहद्दू नावाचं गाव आहे. मराकेशहून अ‍ॅटलास पर्वतातला तिझी न तिश्का घाट चढायचा, घाटमाथा २,२६० मीटरवर, आणि पलीकडे उतरलं की औनिला नदीच्या काठी मातीची घरं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. युनेस्कोनं १९८७ मध्ये जागतिक वारशात घेतलेलं गाव. कितीतरी चित्रपटांनी त्याला प्राचीन नगरी म्हणून दाखवलंय. तुम्ही ते पाहिलेलं असणार, नाव माहीत नसेल इतकंच. आता जुन्या गावात मोजकीच कुटुंबं राहतात, बाकीचे नदीपलीकडच्या नव्या वस्तीत गेले.

मी पहिल्यांदा गेले त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. भिंतीजवळ गेले आणि वास आला. ओल्या मातीचा, काडाचा. हात लावला तर बोटांना भुसा लागला. आजोळच्या परड्यातली भिंत आठवली. पांढरीची माती, त्यात काड कालवून पायानं तुडवायची, चार दिवस मुरवायची. एक म्हातारे गृहस्थ छतावर बसून चिखल लिंपत होते. आम्हाला त्या छतावर दिवे चढवायचे होते. दुभाष्यानं त्यांना रक्कम सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, “तुमच्या माणसांच्या पायांनी लिंपण फुटलं आणि तुम्ही गेल्यावर पाऊस आला, तर?”

दुभाषा सांगायच्या आधीच मला प्रश्न कळला होता. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडच्या मातीच्या भिंती कशा बसल्या, ते आपण पाहिलंय. मातीच्या घराला पाणी म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मी दिवे छतावर चढवायचे नाहीत असं ठरवलं आणि समोरच्या उतारावर परांची बांधायला सांगितली. खर्च वाढला, कॅमेरामन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शूटिंग संपलं तेव्हा त्या आजोबांनी मला छतावर बोलावून पुदिन्याचा चहा दिला. त्या छतावर आमच्या युनिटमधली मी एकटीच चढले, तीही अनवाणी.

आइसलँडचं थोडक्यात सांगते. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम चार तासांचा, आणि सूर्य क्षितिजापासून फार वर येतच नाही. आपण रंकाळ्यावर संध्याकाळी ज्या उजेडासाठी अर्धा तास धडपडतो, तो तिथे दिवसभर असतो. दिवसभर टिकणारा असा उजेड मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. तिथे दक्षिणेला १७८३ च्या लाकी उद्रेकातला लाव्हा पसरलाय आणि त्यावर शेवाळाची जाड, मऊ गादी आहे. मी फ्रेम बघायला दोन पावलं रस्ता सोडून आत गेले, तर आमच्या वाटाड्या बाईनं मागून दंड धरला. आवाज न चढवता तिनं बोटानं एक खूण दाखवली. कुणाच्या तरी बुटाचा ठसा. किती वर्षांपूर्वीचा, ते तिलाही सांगता आलं नाही. मी पाय मागे घेतला, पण त्या ठशाकडे बघताना मला मसाईचं पठार दिसत होतं.

ते सांगते आणि थांबते. ते सांगितल्याशिवाय मला इथून उठता यायचं नाही.

धंद्यात नवीन होते तेव्हा एका जाहिरातीसाठी मी पन्हाळ्याजवळचं मसाई पठार सुचवलं. सप्टेंबर होता, फुलं आली होती. जांभ्याचा सडा, वर वीतभरही माती नाही, त्या मातीतच तो सगळा बहर. तिथे जनावरं चारणाऱ्या एका मामांना मी शब्द दिला, गाड्या खालीच थांबतील, सामान माणसं वाहून नेतील. शूटिंगच्या दिवशी उजेड चालला म्हणून घाई झाली. मी खाली परवानगीच्या कागदांत अडकले होते. वर पोचले तेव्हा दोन अवजड गाड्या पठाराच्या मधोमध उभ्या होत्या. मी ओरडले, गाड्या मागे घ्यायला लावल्या. मागे येताना त्या वेगळ्या वाटेनं आल्या, म्हणजे चाकोऱ्या दुप्पट झाल्या.

मामा लांब काठीवर हनुवटी टेकून उभे होते. मी जवळ गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “गाड्या वर येणार न्हाईत, असं तुम्हीच म्हणाला हुता न्हवं?”

मी हो म्हटलं. त्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासून गावी असले की सप्टेंबरात मी पठारावर जाते. मामा आता नाहीत, त्यांचा नातू जनावरं घेऊन येतो. गेल्या वर्षी गेले तेव्हा नुकताच पाऊस होऊन गेला होता. दोन्ही बाजूंनी जांभळी, पिवळी फुलं गुडघ्याएवढ्या गवतात डुलत होती. मध्ये दोन सरळ रेघा होत्या, त्यांत पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्यात नातवाची म्हैस तोंड घालून उभी होती.