हात किती अंशांवर थांबतो?

नमस्कार. अमेरिकेतले माजी सैनिक व्हेटरन्स अफेअर्सकडे, म्हणजे व्हीएकडे, खांद्याच्या दुखण्याच्या भरपाईचा दावा लावतात तेव्हा बहुतेकांचा भरवसा एमआरआयवर असतो. रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायूबंध, फाटलाय, सांधा झिजलाय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मग अपंगत्वाची टक्केवारी, जिच्यावर भरपाई ठरते, हातात येते आणि माणूस चक्रावतो. नेमकं काय फाटलं यात नियमावलीला फारसा रस नसतो. हात कुठपर्यंत वर जातो, हे ती विचारते. म्हणून आज आजारांची यादी बाजूला ठेवू आणि अंश मोजू.

नियमावलीत खांद्याचे मुख्य कोड चार: ५२०० ते ५२०३. सांधा पूर्ण आखडला असेल तर ५२००, दंडाचं हाड आणि वारंवार निखळणारा खांदा ५२०२ मध्ये, गळपट्टीचं हाड आणि खांद्याचं पातं ५२०३ मध्ये. बहुतेक दावे मात्र ५२०१ वर येऊन थांबतात: हाताच्या हालचालीवरची मर्यादा. निरोगी हात समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून १८० अंश वर जातो. तो खांद्याच्या रेषेत, ९० अंशांवर, अडकत असेल तर २० टक्के. ४५ अंशांवर अडकला तर मुख्य हाताला ३० आणि दुसऱ्या हाताला २०. अंगापासून २५ अंशांपलीकडे जातच नसेल तर अनुक्रमे ४० आणि ३०. हात आत-बाहेर फिरवण्याचे अंशही तपासणीत मोजतात, पण ५२०१ च्या टक्केवारीत ते धरत नाहीत. समोरच्या हालचालीचे वेगळे आणि बाजूच्या हालचालीचे वेगळे असे दोन दरही एका खांद्याला मिळत नाहीत. २०१३ च्या योनेक या न्यायालयीन निकालाने ते दार बंद केलं.

मुख्य हात म्हणजे लिहिण्या-वापरण्याचा. डावखुऱ्या माणसाच्या कागदावर ‘उजवा हात प्रमुख’ अशी चूक पडली तर ४० चे ३० होतात, आणि ही चूक पहिल्यांदा सापडते ती निकालपत्र नीट वाचणाऱ्यालाच. दोन्ही हात सारखेच चालत असतील तर जास्त जायबंदी हात मुख्य धरला जातो.

आता तपासणीच्या खोलीत जाऊ. परीक्षक गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचे अंश मोजायची पट्टी, खांद्यापाशी धरतो आणि हात समोरून वर न्यायला सांगतो. बहुतेक सैनिक इथेच स्वतःचं नुकसान करून घेतात. दात आवळून हात वर रेटतात. ७० अंशांनंतर खांदा कानाकडे उचलला जातो, कंबर मागे कलते, पातं सरकतं आणि हात १४० वर पोचलेला दिसतो. कागदावर १४० लिहिलं जातं. दुखणं कुठल्या अंशाला सुरू झालं, हे त्याच क्षणी तोंडाने सांगायला हवं, कारण तो आकडा लिहिण्यासाठी अहवालात स्वतंत्र जागा असते. तीन वेळा हात वर-खाली केल्यावर हालचाल घटली का, हेही बघितलं जातं. नाटक मात्र करू नका. डोळ्यांदेखत ३० वर थांबणारा हात नंतर शर्ट चढवताना सहज वर गेला, तर परीक्षक तेही लिहितो.

नुसतं दुखणं हालचाल अडवतंच असं नाही, हे मिचेल निकालाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. दुखण्यामुळे हात प्रत्यक्षात किती कमी चालतो, ते दिसलं पाहिजे. पण हालचाल दुखरी असेल तर सांध्याला त्या कोडची किमान टक्केवारी देण्याचा नियम ४.५९ आहे, आणि ५२०१ मधला सर्वांत खालचा दर २० आहे. म्हणून हात ११० पर्यंत जातो पण दुखत जातो, आणि निकाल शून्य किंवा १० टक्क्यांचा आलाय, तर त्या निकालावर बोट ठेवायला जागा आहे.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते दुखणं उफाळतं त्या दिवसांच्या नोंदीत. तपासणी मंगळवारी सकाळी होते आणि त्या दिवशी खांदा बरा असतो. २०१७ च्या शार्प निकालानुसार परीक्षकाने विचारायला हवं: किती वेळा उफाळतं, किती दिवस टिकतं, तेव्हा हात कुठपर्यंत जातो. त्यावरून अंशांचा अंदाज बांधायला हवा. ‘आज उफाळलेलं नाही, सबब सांगता येत नाही’ एवढं लिहून त्याची सुटका होत नाही. आणि तुमचं उत्तरही ‘फार त्रास होतो’ असं नको. ‘महिन्यातून दोनदा, तीन-तीन दिवस, तेव्हा हात टेबलाच्या वर जात नाही, केस दुसऱ्या हाताने विंचरावे लागतात’ हे उत्तर अंशांत बदलता येतं. घरच्या माणसाने हेच २१-१०२१० या फॉर्मवर लिहून दिलं तर ते पुरावा म्हणून दाखल होतं.

हे सगळं टक्केवारीचं झालं. त्याआधी सेवेशी संबंध सिद्ध व्हावा लागतो. आजचं दुखणं, सेवेतली घटना आणि त्या दोन्हींना जोडणारं वैद्यकीय मत, अशा तीन गोष्टी लागतात. सांध्याची झीज सेवा सुटल्यापासून वर्षभरात किमान १० टक्के तीव्रतेची दिसली तर संबंध गृहीत धरता येतो, पण रोटेटर कफची फाटणी त्या जुनाट आजारांच्या यादीत नाही. तिथे डॉक्टरचं मत लागतंच, आणि एकेक शब्द मोजला जातो. ‘सेवेमुळे असू शकतं’ हे मत निरुपयोगी, कारण काहीही असू शकतं. ‘सेवेमुळे असण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त आहे’ हे चालतं, पुढे कारण दिलेलं असेल तर. फाइल वाचली म्हणून मताला वजन येत नाही, कारणमीमांसेने येतं. २००८ च्या निएव्हेस-रॉड्रिगेझ निकालाचा हाच गाभा आहे. उजवा खांदा गेल्यावर डाव्यावर भार पडून तोही गेला, तर डावा दुय्यम आजार म्हणून मागता येतो. तो जरूर मागा. मुख्य हात ३० आणि दुसरा २०, तर व्हीएच्या गणितात बेरीज ५० नसून ४४ होते (३० गेल्यावर उरलेल्या ७० चे २० टक्के, म्हणजे १४), आणि जवळच्या दहाच्या पटीत नेताना ४०. पण दोन्ही हात बाधित असल्यामुळे त्या ४४ चे दहा टक्के, म्हणजे ४.४, वर मिळतात. ४८ होतात आणि जवळच्या दहाच्या पटीत ५० येतात. शस्त्रक्रियेचा व्रण दुखरा असेल तर त्याची टक्केवारी वेगळी. ती बहुतेक कुणी मागतच नाही.

नकार आला तर आधी त्यातलं कारण शोधा. फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा आहेत आणि चुकीची वाट धरली की महिने वाया जातात. जोडणारं मत नाही म्हणून नकार असेल तर नव्या, संबंधित पुराव्यासह पूरक दावा लावा, फॉर्म २०-०९९५. पुरावा होता पण तपासणीच अर्धवट झाली, उफाळण्याबद्दल विचारलंच नाही, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निकालाचा फेरआढावा मागा, फॉर्म २०-०९९६. त्यात नवा कागद जोडता येत नाही, पण फोनवर चूक दाखवून देता येते. अधिकाऱ्याला ती पटली तर नवी तपासणी करण्यासाठी दावा परत जातो. नवा एमआरआय हातात असताना ही वाट धरणं हा नेहमीचा घोटाळा आहे, तो एमआरआय कुणी बघतच नाही. तिसरी वाट अपील मंडळाची, फॉर्म १०१८२. कायद्याच्या अर्थावरच वाद असेल, किंवा न्यायाधीशासमोर बोलायचं असेल, तेव्हा ती बरी; वेळ मात्र तिथे सर्वांत जास्त लागतो.

तिन्ही वाटांना मुदत एकच: निकालपत्राच्या तारखेपासून एक वर्ष. त्या वर्षात कुठलीही एक वाट धरली तर मूळ दाव्याची तारीख टिकते आणि थकबाकी तिथपासून मोजतात. वर्ष उलटल्यावरही पूरक दावा लावता येतो, पण थकबाकीचं घड्याळ साधारणपणे नव्याने सुरू होतं. पहिला दावा तयार व्हायला वेळ लागणार असेल तर २१-०९६६ भरून आधी इरादा नोंदवा, तारीख वर्षभर राखून ठेवली जाते. मंडळाचाही निकाल विरोधात गेला तर माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयात जायला १२० दिवस मिळतात, आणि तिथले दिवस मंडळाने निकाल पाठवला त्या तारखेपासून धावतात.