गाडी भरली, हवा किती टाकायची?

नमस्कार श्रोतेहो. मे महिना लागला की सहकुटुंब व्हॅन काढून बाहेर पडणाऱ्यांची लगबग सुरू होते. व्हॅनमध्ये गादी, ओटा, पाण्याची टाकी बसवून घरच चाकांवर घेणारे आता आपल्याकडेही दिसतात. त्यात 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि 701 किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता सलग मिळाला. निघायच्या आधी पंक्चरवाला विचारतो, "साहेब, किती टाकू?" तेवढ्यात शेजारचा कुणीतरी हमखास सांगतो, "उन्हाचे दिवस आहेत, पाच पाउंड कमीच ठेवा. टायर तापून फुटायचा."

हा सल्ला सपशेल उलटा आहे. टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी 80 च्या वेगाला हे सेकंदाला साधारण दहा वेळा, तेही तासन्‌तास. तार वाकवून वाकवून तोडताना हाताला चटका बसतो ना, तसाच हा टायर आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि मग तो फुटतो. उन्हाने हवेचा दाब वाढतो हे खरं, पण किती? 60 पाउंडांच्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी चढलं तर जेमतेम अडीच पाउंड. टायर बनवणाऱ्याने ही वाढ आधीच धरलेली असते. म्हणून ढाब्यावर थांबल्यावर गरम टायरमधली हवा सोडू नका. मोजायची ती गार टायरची. गाडी तीनेक तास उभी असेल तेव्हाची.

मग आकडा कुठून आणायचा? चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून सुरुवात करा, पण तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. टायरवर छापलेला कमाल आकडा तर त्या टायरचा, तुमच्या गाडीचा नव्हे. तुम्ही मागे 100 लिटरची टाकी बसवली, ती भरली की 100 किलो झाले. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नासेक किलो. शिवाय फर्निचर, अंथरुणं आणि आईने दिलेल्या बरण्या.

यावर उपाय एकच, काट्यावर जा. साखर कारखाना, जिनिंग, मार्केट यार्ड, कुठे ना कुठे वजनकाटा असतोच. डिझेल, पाणी, सामान भरून, माणसं बसवून जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काटेवाला तीनदा पावती फाडताना जरा वैतागेल, वैतागू दे.

समजा मागचा भार 2000 किलो निघाला. म्हणजे प्रत्येक चाकावर 1000. टायरवर 109 हा भारांक, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, असेल, तर त्याची ताकद 1030 किलो, तीही पूर्ण हवेवर. इथे चार पाउंडसुद्धा कमी करायला जागा नाही. पुढच्या प्रत्येक चाकावर 750 किलोच असतील, तर तिथे बरीच कमी हवा चालते. त्याच टायरची पूर्ण हवा 65 पाउंड असेल, तर मागे 63-64 आणि पुढे 45 च्या आसपास, असा साधारण हिशेब येतो. नेमका आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात बघा आणि स्टिकरच्या खाली जाऊ नका. टाकी एका बाजूला असेल तर त्या बाजूचं चाक जास्त भार घेतं. मग मागच्या दोन्ही चाकांत जड बाजूच्या हिशेबाने सारखी हवा ठेवा.

याचा अर्थ ठासून भरा असा नाही. हवा जास्त झाली की टायर मधोमध झिजतो, गाडी उडते आणि पावसात घाट उतरताना पकड जाते.

व्हॉल्व्हकडेही बघा. साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पाउंडांपर्यंतच चालतो; त्यापुढे धातूचा लागतो. हवा मोजायचा गेज स्वतःचा ठेवा, पंपावरच्या गेजने बराच मार खाल्लेला असतो. आणि स्टेपनी? ती मागच्या चाकाच्या आकड्यानेच भरा. पुढे लावायची वेळ आली तर हवा सोडता येते. रात्री बारा वाजता भरून द्यायला कोण मिळणार?