हात लावू द्या की पोट्ट्यांना

नमस्कार मंडळी. मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. आधीच सांगून ठेवते, मी पडद्यावर फोटो दाखवणार नाहीये, ज्यांना पाहायचे त्यांनी नंतर माझ्या मोबाइलवर पाहा, कारण फोटो लावले की लोक फोटोच पाहतात आणि बोलणारा नुसता मान हलवत बसतो. आज बोलायचंय ते व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याबद्दल. सगळ्या राजवाड्याबद्दल नाही हो, 1441 खोल्या आहेत त्याला, तेवढं बोलायला बसले तर उद्याचा चहापण इथंच घ्यावा लागेल. त्या राजवाड्यात लहान मुलांसाठी एक वेगळं म्युझियम केलंय, तिथं वस्तूंना हात लावायचा असतो. मी जन्मभर प्रायमरी शाळेत शिकवलं, त्यामुळे माझं लक्ष झुंबरापेक्षा पोरांच्या हातांकडेच जास्त होतं.

लेक म्युनिकला असते, तिथून रेल्वेनं चारेक तासांत व्हिएन्ना. लेक, जावई, नऊ वर्षांचा नातू, पाच वर्षांची नात आणि मी, अशी वरात. शहरातून मेट्रोनं सरळ राजवाड्याच्या दारात उतरता येतं. पिवळा राजवाडा, आपल्याकडच्या सरकारी बंगल्यांना असतो तसा पिवळा, फक्त संपतच नाही.

थोडा इतिहास सांगते, पटकन. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याचा हा उन्हाळी राजवाडा आणि त्याला आजचं रूप आलं ते मारिया थेरेसाच्या काळात. ही बाई 1740 ते 1780, चाळीस वर्षं राज्य चालवत होती आणि तिला एकूण सोळा अपत्यं झाली, अकरा मुली पाच मुलगे. आता आपल्याकडचं लावून पाहा. त्याच सुमारास इकडे आपले नागपूरचे पहिले रघुजीराजे भोसले ओडिशापर्यंत धडक मारत होते. रघुजीराजे गेले 1755 साली आणि त्याच वर्षी तिकडे मारिया थेरेसाला पंधरावं अपत्य झालं, ती मारी आंत्वानेत, जिला पुढे फ्रान्सच्या राज्यक्रांतीत गिलोटिनवर चढवलं. शाळेत आपण युरोप वेगळ्या पुस्तकात आणि मराठे वेगळ्या पुस्तकात शिकवतो, त्यामुळे पोरांना वाटतं ही माणसं वेगवेगळ्या ग्रहांवर राहत होती.

तर म्युझियम. पहिल्यांदा पोरांना ओढतात ते अर्थातच कपडे. राजकन्येचे झगे, राजपुत्राचे कोट, केसांचे टोप. तुम्ही म्हणाल फॅन्सी ड्रेस तर आपल्या शाळेतही होतो. होतो ना, मी स्वतः कितीतरी जिजामाता आणि झाशीच्या राण्या नेसवल्यात. पण आपल्या फॅन्सी ड्रेसमध्ये पोरगं स्टेजवर जातं, दोन वाक्यं म्हणतं, आई फोटो काढते, संपलं. इथं झगा घालायलाच दुसरं माणूस लागतं. नात हात मागं नेऊन नेऊन दमली, शेवटी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, "आजी, तू बांध नं." मग मी तिला विचारलं की राणीचा कोण बांधत असेल, तर म्हणते, "तिची आजी." भावानं लगेच सुधारलं, "नोकर असतात." ती गप्प झाली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मग नोकरांचा कोण बांधतं?" मंडळी, हा प्रश्न मी चौथीच्या वर्गात वर्षानुवर्षं इतिहास शिकवला तरी मला एका पोरानं विचारला नव्हता. नऊवारी एकटीला नेसता येते, त्यात तुम्ही भाकरीही थापू शकता आणि घोड्यावरही बसू शकता. तो दरबारी झगा मुद्दाम असा बनवलेला असायचा की घालणारीला काहीच करता येऊ नये. कमरेला दोन्ही बाजूंनी बांबूच्या कमच्यांसारखं किंवा धातूच्या कड्यांचं काहीतरी बांधायच्या, त्यानं झगा इतका फुगायचा की दारातून आडवं होऊन जावं लागायचं. हे पाटीवर लिहून कळत नाही, दाराला अडकल्यावर कळतं.

मग स्वच्छतेचा भाग, ज्यात नातवाला सगळ्यात मजा आली कारण घाण होती. त्या काळी लोकांना वाटायचं पाण्यानं अंगाची छिद्रं उघडतात आणि त्यातून रोग शिरतो, म्हणून अंघोळ कमी आणि पावडर, अत्तर जास्त. टोपाखाली उवा. खाजवायला लांब दांड्याची काठी. पोट्ट्यांना असं काही सांगा, मग पहा, आठवडाभर दुसरं बोलत नाहीत. त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच घराण्यात एलिझाबेथ आली, सिसी म्हणतात तिला, तिचे केस घोट्यापर्यंत, रोज विंचरायला दोन-तीन तास, आणि केस धुवायचा दिवस असला की त्या दिवशी दुसरं काही नाही. माझ्या आईलाही शिकेकाईच्या दिवशी कोणी काम सांगितलेलं आवडायचं नाही, पण ती पाचव्या दिवशी पुन्हा चुलीपाशी असायची, ते जाऊ द्या.

मला जे जास्त सांगायचंय ते जेवणाच्या टेबलाचं. तिथं शाही जेवणाचं टेबल मुलांनीच लावायचं. ताटल्या, काटे, सुऱ्या, ग्लास. नातू मोठ्या ऐटीत पुढं झाला, काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, एवढं त्याला शाळेमुळे येत होतं. नात मागं मागं ग्लास घेऊन. सगळं लावून झालं. तिथं एक ताई होती मुलांसोबत, तिनं चूक की बरोबर काहीच म्हटलं नाही, तिनं फक्त विचारलं, "सूप आलं, आता?" आणि नातू टेबलाकडे बघत राहिला. चमचाच नव्हता. मग तो पळत जाऊन चमचा आणून सुरीच्या आत ठेवायला लागला, तर ताई परत म्हणते, "आधी काय येतं जेवणात?" त्यानं विचार केला आणि चमचा सगळ्यात बाहेर ठेवला. म्हणजे जे आधी लागतं ते बाहेर, मग आत आत जायचं, हा सगळा नियम त्या पोराच्या हातातून निघाला, कोणी सांगितला नाही. मी तिथंच उभी राहून त्या ताईला पाहत होते. माझ्या नोकरीत मला कितीदा उत्तर सांगायची घाई झाली असेल!

आणि मला वाटतं सगळी गंमत इथंच आहे. लोक म्हणतात हात लावायचं म्युझियम म्हणजे वस्तूला हात लावू देणं. नुसता हात लावून काय होतं? पोरगं एकदा चाचपतं, दुसरीकडे पळतं. मी अशी एक जागा पाहिलीये, नाव नाही घेत, तिथं सगळीकडे बटणं, मुलं ओळीनं बटणं दाबत धावतात, दिवा लागला की पुढच्या बटणावर, कशाचा दिवा लागला कोण पाहतं. शोनब्रुनला बटण नाही, काम आहे. टेबल लाव, बहिणीचा झगा बांध. आणि काम सांगायला एक जिवंत माणूस.

मोठ्या राजवाड्यातही आम्ही फिरलो, तिथं मात्र दोरीच्या पलीकडे काही नाही. आरशांचा दिवाणखाना पाहिला जिथं 1762 साली सहा वर्षांच्या मोझार्टनं वाजवलं म्हणतात. पण नातवाला काय आवडलं? पांढऱ्या चिनीमातीच्या उंच शेगड्या, ज्यांना दारच नाही. लाकडं कुठून घालत? तर भिंतीच्या मागून. भिंतीमागे नोकरांसाठी अरुंद बोळ असायचे, तिथून शेगडी पेटवायची, म्हणजे खोलीत ना राख, ना धूर, ना नोकर दिसायचा. टेबल लावून आलेल्या पोराला हे लगेच दिसलं. तो प्रत्येक खोलीत आता दार कुठंय ते शोधत होता, वॉलपेपरमध्ये लपवलेलं. गाइड झुंबराचं सांगतोय आणि हा भिंत ठोकतोय.

एक गोष्ट मी मुलांना बागेत बसून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. देवीचा रोग. 1767 मध्ये त्या घराण्यात देवी आल्या, सून गेली, एक मुलगी गेली, खुद्द मारिया थेरेसाला झाल्या पण ती वाचली. आधीही मुलं गेली होती त्यातच. मग 1768 मध्ये तिनं इंगेनहाउझ नावाचा डच डॉक्टर बोलावला आणि घरातल्या मुलांना टोचून घ्यायचं ठरवलं. जेनरची लस अजून व्हायची होती, ती 1796 ची. ही जुनी पद्धत, रोग्याच्या फोडातलं थोडं घेऊन निरोग्याच्या कातडीत टोचायचं, आपल्याकडे बंगालात टिकादार हेच करायचे. लोक घाबरायचे, साहजिक आहे. तर या राणीनं काय केलं, पहिल्या पासष्ट टोचलेल्या मुलांना याच शोनब्रुनमध्ये जेवायला बोलावलं आणि स्वतः वाढलं. राणीनं! नात म्हणाली, "तिला झगा घालून कसं वाढता आलं?" बघा, झग्याचा हिशोब तिच्या डोक्यात पक्का बसला होता. आणि हा इंगेनहाउझ कोण, तर झाडं उजेडात हवा शुद्ध करतात हे ज्यानं शोधलं तोच, सायन्सच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषण आहे ना, ते. घरच्या देवीच्या डॉक्टरनं.

बाकी जगात हे कधीपासून चाललंय ते दोन वाक्यांत सांगते. मुलांचं पहिलं म्युझियम 1899 चं, अमेरिकेत ब्रुकलिनला. 1960 च्या दशकात बोस्टनच्या मुलांच्या म्युझियममध्ये तिथल्या मायकेल स्पॉकनं हात लावू नका छाप कारभार मोडला, 1969 मध्ये फ्रँक ओपनहायमरनं, अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा भाऊ, सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम नावाचं हात लावून पाहायचं विज्ञानाचं म्युझियम काढलं. आपलं नागपूरचं, गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र 1992 चं, त्याच वळणाचं, आणि विदर्भातल्या किती पोरांनी तिथं पहिल्यांदा आरशात स्वतःला बुटकं पाहिलंय. म्हणजे विज्ञानाला आपण हात लावू दिला. इतिहासाला नाही. अजब बंगला, आपलं नागपूरचं जुनं म्युझियम, 1863 पासून आहे, माझ्या लहानपणी आम्ही पेंढा भरलेला वाघ काचेतून पाहायचो, आजही तेच, आणि वस्तू काचेतच हव्यात, त्यावर माझं भांडण नाही.

पण आपल्या महालात, म्हणजे भोसल्यांचा राजवाडा होता त्या वस्तीत, काय आहे सांगा. तिसरे रघुजी 1853 मध्ये वारस न ठेवता गेले, डलहौसीनं 1854 मध्ये राज्य खालसा केलं, दागिने, हत्ती, घोडे, बैल सगळं लिलावात काढलं. वर 1864 मध्ये जुना लाकडी नक्षीचा राजवाडा जळाला. वाचलं काय, तर मोठा दरवाजा. म्हणजे व्हिएन्नावाल्यांकडे 1441 खोल्या आहेत म्हणून त्यांना जमलं असं म्हणू नका, त्या मुलांच्या हातात जे देतात त्या सगळ्या नकलाच असतात! नवे शिवलेले झगे, नव्या ताटल्या. नकलेसाठी राजवाडा शाबूत असावा लागत नाही. उलट ज्याचं जळून गेलं त्यालाच नकलेची जास्त गरज.

2025 मध्ये राज्य सरकारनं पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून परत आणली, 47 लाखांच्या वर मोजून. चांगलं केलं. ती काचेत राहील, राहायलाच हवी. पण शेजारी त्याच वजनाची, धार नसलेली एक लोखंडी तलवार साखळीला बांधून ठेवा की. पोराला ती एका हातानं फार वेळ फिरवता आली नाही की मग त्याला टीव्हीवरच्या मारामाऱ्यांबद्दल शंका यायला लागेल.

आणि पंगत! आपलं ताट वाढणं त्या शाही टेबलापेक्षा काय सोपं आहे? मीठ कुठं, लिंबू कुठं, चटणी-कोशिंबीर डावीकडे कारण थोडी खायची, भाजी उजवीकडे कारण जास्त लागते. एक खोली, दहा पाट, पितळी ताटं, लाकडाच्या खोट्या पुडाच्या वड्या आणि पाटवड्या, आणि एक ताई जी फक्त म्हणेल, "वरण आलं, आता?" पोरांना कळेल मग वाटी कुठं ठेवायची ते.

नागपूरकरांना हे शिकवायला व्हिएन्ना कशाला पाहिजे खरं तर. तान्हा पोळा काय आहे? खऱ्या बैलाला लहान पोरं सांभाळू शकत नाहीत, म्हणून दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 मध्ये लाकडी नंदी देऊन मुलांचा पोळा सुरू केला असं सांगतात. म्हणजे राजवाड्यानंच मुलांच्या हातात नक्कल दिली, वर काम दिलं, सजव, मिरव, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे घे.

आता प्रश्न येऊ दे. हां, तुम्ही, मागचे काका. काय म्हणता? पोरं मोडतील? मोडतीलच, मोडायलाच ठेवायचं ते. व्हिएन्नाचे झगेही कोणीतरी धूत असेल, उसवलेलं शिवत असेल, तो खर्च पहिल्या दिवशीच धरायचा, नाहीतर वर्षभरात खोलीला कुलूप लागतं. ताटं इतवारीत भांडे ओळीत मिळतील. मुखवटे, पगड्या, खोट्या वड्या चितार ओळीतल्या कारागिरांना सांगा, गणपती आणि दुर्गा संपल्या की त्यांच्याकडे हात मोकळे असतात, आणि काम असं करतात की खरी वडी समजून माझ्यासारखी म्हातारी चावून बसेल. पगड्या दोन मापांच्या करा. पाच वर्षांच्या डोक्यावर मोठी पगडी नाकावर येते, मग पोरगं रडतं. ताईला पगार मात्र चांगला द्यावा लागेल काका, तिथं नक्कल चालणार नाही. पुढचा प्रश्न?